कपाटाची किल्ली : महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांना खुले पत्र

प्रति,
पत्रकारिता आणि जनसंवाद शिकवणाऱ्या महाविद्यालयांचे प्राचार्य, संस्थाचालक आणि खरेदी समितीचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी जानेवारीत पहाटे सव्वाचार वाजता मी आणि माझी वर्गमैत्रीण कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गुऱ्हाळावर उभ्या होतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्हाला बारा मिनिटांचा माहितीपट करायचा होता. माझे वडील आम्हाला सोडायला आले होते आणि चुलवाणापाशी शेकत थांबले होते. पहिलं आदण, म्हणजे उकळत्या रसाची पहिली खेप, उतरायच्या बेतात होतं. गूळ करणारे गुळव्याकाका साठीच्या पुढचे, आयुष्यभर हेच काम केलेले. त्यांनी थोडा पाक थंड पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि बोलायला लागले. पाक झाला की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, काहिलीतल्या, म्हणजे मोठ्या कढईतल्या, उकळीचा आवाज जड होत जातो तो ऐकावा लागतो, असं काहीसं ते सांगत होते. तीन-चार मिनिटं बोलले. मध्येच थांबून त्यांनी आम्हालाही कान द्यायला लावला.

आम्ही फोनवर चित्रीकरण करत होतो, अडीच-तीन मीटरवरून. चित्र सुंदर आलं. चुलवाणाचा तांबडा उजेड, वाफ, त्यांचा चेहरा. घरी येऊन हेडफोन लावले तर ऐकू येत होतं ते घाण्याचं इंजिन. काकांचे ओठ हलत होते आणि त्यांचा एकही शब्द कळत नव्हता.

आम्ही परत गेलो तेव्हा ते दुसऱ्या गुऱ्हाळावर कामाला गेले होते. तिथे पोहोचेपर्यंत हंगाम संपला होता. माहितीपटात त्या जागी मी वहीतल्या टिपणांवरून पडद्यावर दिसणारी मजकुराची पट्टी लिहिली. ते शब्द माझे आहेत, त्यांचे नाहीत, आणि ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

त्या पहाटे आमच्या महाविद्यालयाच्या कपाटात ऐंशी-नव्वद हजारांचा कॅमेरा होता, ट्रायपॉड होता, आणि सील न फोडलेला एक कॉलर माइक होता. तो माइक काकांच्या सदऱ्याला लावला असता तरी पुरलं असतं. पण उपकरणं मिळायची ती सकाळी अकरा ते पाच या वेळात, विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज देऊन, आवाराच्या आत, आणि त्याच दिवशी परत करायच्या अटीवर. गुऱ्हाळ पहाटे पेटतं. यात्रा रात्री असते. दुधाच्या संकलन केंद्रावर माणसं सहाला येतात. अकरा ते पाच या वेळात आवाराच्या आत ज्याचं चित्रीकरण करता येतं ते म्हणजे महाविद्यालयच, आणि म्हणूनच दरवर्षी ग्रंथालय, कॅन्टीन आणि स्नेहसंमेलन यांवरच इतक्या फिल्म होतात. मुलांना विषय सुचत नाहीत असं शिक्षक म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. विषय सुचतात, पण तिथवर उपकरण जात नाही.

कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. त्यांनी मला खरं कारण सांगितलं होतं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, प्रत्येक वस्तू त्यांच्या ताब्यात दाखवलेली आहे. वर्षअखेरच्या पडताळणीत लेन्सला तडा दिसला तर खुलासा त्यांना द्यावा लागतो, वसुली निघाली तर तीही त्यांच्यावर. त्यांच्या जागी मी असते तर मीही कपाट उघडलं नसतं. मुलांच्या हातून वस्तू पडणार हे गृहीत धरून महाविद्यालयाने काही तरतूदच केलेली नाही, म्हणून सगळा धोका एका माणसाच्या पगारावर येऊन बसतो. ही तरतूद तुम्हीच करू शकता, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी कपाटाबद्दलच बोलते, कारण कुलूपबंद वस्तू सुरक्षित असते ही समजूत चुकीची आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोल्हापूर, सातारा आणि सगळ्या कोकणपट्ट्यात, बंद आणि अंधाऱ्या कपाटातली हवा महिनोन्‌महिने दमट राहते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, पुढे ती काचेवरचा लेपच खाते आणि मग पुसून काही उपयोग होत नाही. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरलेली तशीच वर्षभर पडली तर बहुतेक वेळा पुन्हा चार्ज होत नाही. म्हणजे मुलांच्या हातून जे नुकसान होईल अशी भीती वाटते, ते कपाटात होऊनच राहतं. त्याचा खुलासा कुणाला मागितला जात नाही एवढंच. याला उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. बॅटऱ्या साधारण निम्म्या चार्ज करून ठेवायच्या आणि महिन्याकाठी तपासायच्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे वस्तू वापरात ठेवायची.

आमच्या कपाटात खालच्या कप्प्यात आणखी एक कॅमेरा होता, मिनी डीव्ही कॅसेटचा. एका कॅसेटवर साठ मिनिटं चित्रीकरण व्हायचं आणि ते संगणकात उतरवायला पुन्हा साठ मिनिटंच लागायची. त्यासाठी फायरवायरची केबल लागते, आणि ती जोडायची जागा आताच्या संगणकांना नसते. तो कॅमेरा नवा कोरा दिसत होता. पट्ट्यावर घामाचा डाग नाही, कडेला ओरखडा नाही. ज्या मुलांसाठी तो घेतला होता त्यांची आता लग्नं होऊन मुलं शाळेत जात असतील. मला तो कॅमेरा पाहून जितकं वाईट वाटलं तितकं तुटलेली वस्तू पाहून कधी वाटलं नाही. तुटलेल्या वस्तूवर निदान कुणीतरी काहीतरी शिकलेलं असतं.

आता खरेदीविषयी. समितीपुढे तीन दरपत्रकं येतात, तुलनात्मक तक्ता होतो, आणि पैसा कॅमेऱ्यावर जातो. कारण कॅमेरा दिसतो. महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला नॅकची समिती आली की तो टेबलावर मांडता येतो. माझी कळकळीची विनंती आहे की पुढच्या वेळी कॅमेरा घेऊ नका. मुलांच्या खिशातल्या फोनचं चित्र विद्यार्थी प्रकल्पाला पुरेसं चांगलं असतं. फोनला जे जमत नाही त्यावर खर्च करा, आणि फोनला सर्वांत कमी जमतो तो आवाज.

चित्र दुरून घेता येतं, आवाज जवळूनच घ्यावा लागतो. बोलणाऱ्यापासून माइकचं अंतर निम्मं केलं की पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता साधारण चौपट होते, आणि मागचं इंजिन मात्र होतं तेवढंच राहतं. तीन मीटरवरचा फोन आणि छातीवर वीतभर अंतरावरचा कॉलर माइक यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. प्रेक्षक हलणारं, अंधारं, थोडं धूसर चित्र चालवून घेतात. न कळणारं बोलणं अर्धा मिनिटही कुणी ऐकत नाही. आमच्या प्रकल्प सादरीकरणात हे मी वर्गात बसून पाहिलं आहे : ज्या फिल्मचा आवाज स्वच्छ होता ती सगळ्यांनी शेवटपर्यंत पाहिली, आणि तिचं चित्र आमच्यापेक्षा बरंच साधं होतं.

तेव्हा प्रत्येक चार-पाच मुलांच्या गटामागे एक संच असा विचार करा. त्यात हातात मावणारा एक ध्वनी रेकॉर्डर असावा. दोन कॉलर माइक असावेत, त्यांतला एक तरी तारेचा. बिनतारी माइक सोयीचे असतात पण वायफाय आणि फोनच्या गर्दीत त्यांचा सिग्नल तुटू शकतो. एक शॉटगन माइक, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज पकडणारा लांबट माइक, आणि तो धरायला बूमची काठी असावी. काठी नसली तर रंगकामाच्या रोलरचा लांब दांडाही चालतो, आम्ही तो वापरला आहे. माइकवर चढवायचं केसाळ आवरण हवंच, कारण उघड्या माळावर वाऱ्याचा घरघराट एकदा रेकॉर्ड झाला की कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण जात नाही. आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. तो सर्वांत महत्त्वाचा असं मी म्हणेन. त्या पहाटे आमच्याकडे नुसता हेडफोन असता तरी जागेवरच कळलं असतं की काही ऐकू येत नाहीये, आणि आम्ही काकांना हात जोडून इंजिनापासून दहा पावलं बाजूला बसवलं असतं.

रेकॉर्डर वेगळा असला की चित्र आणि आवाज नंतर जुळवावे लागतात. त्यासाठी प्रत्येक शॉटच्या आधी एक टाळी पुरते. फिल्मवर क्लॅप देतात ती याचसाठी, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. ते पहिल्या वर्षी, पहिल्या तासाला हातात रेकॉर्डर देऊन शिकवता आलं असतं.

दणकट ट्रायपॉड घ्या, फोन बसवायच्या पकडीसह. दिव्यांवर फार खर्च नको. एक बॅटरीवर चालणारा एलईडी आणि पांढऱ्या थर्माकोलचा एक तक्ता पुरे.

फोनविषयी दोन गोष्टी मात्र विभागाने शिकवल्याच पाहिजेत, कारण त्या न कळल्यामुळे आमच्या वर्गातल्या निम्म्या फिल्म खराब झाल्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे. ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी त्या तालाच्या दुपटीने, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, कमी-जास्त होतात, डोळ्यांना ते दिसत नाही. फोन मूळ सेटिंगवर सेकंदाला ३० फ्रेम घेतो, आणि चित्रात काळपट पट्टे सरकताना दिसू लागतात. २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं की बहुतेक पट्टे जातात. दुसरी गोष्ट अशी की फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग स्वतःच थोडा बदलत राहतो, त्यामुळे लांब मुलाखतीत शेवटी शेवटी ओठ आणि शब्द यांचा मेळ सुटतो. वेग आणि शटर हाताने ठरवू देणारी ॲप्स आहेत. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे त्यांतलं एक, आणि ते फुकट आहे. एका दुपारच्या तासिकेत हे सगळं शिकवून होईल.

आता संकलनाची, म्हणजे एडिटिंगची, खोली. इथे आमचे जे हाल झाले ते मी थोडक्यात सांगते. प्रयोगशाळेतल्या संगणकांना चार जीबी रॅम होती. कुठलंही सॉफ्टवेअर टाकायचं तर पासवर्ड ज्या सरांकडे होता ते दुसऱ्या इमारतीत बसायचे. खोली पाचला बंद व्हायची. शेवटी आम्ही मैत्रिणीच्या मामांच्या लॅपटॉपवर काम केलं, कोणीतरी दिलेल्या एका चोरीच्या सॉफ्टवेअरवर, आणि त्यासोबत आलेल्या व्हायरसने तिच्या मामांच्या दुकानाचे हिशेब गेले. त्यांनी आम्हाला एक शब्दही ऐकवला नाही. मला ते आठवलं की अजून मान खाली जाते.

हे टाळता येतं. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती विद्यार्थ्यांच्या कामाला भरपूर होते, साध्या कामात फिल्मवर कुठला शिक्का येत नाही. त्याला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. तेवढे चांगले संगणक नसतील तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअर कमी ताकदीच्या यंत्रावरही चालतात. जड फुटेजच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून त्यांवर काम करायचं आणि शेवटी मूळ फाइल जोडून एक्सपोर्ट करायचं, ही पद्धत शिकवली की जुन्या संगणकाचंही चीज होतं. वीस साधे संगणक घेण्याऐवजी तीन चांगले घ्या आणि ते रात्री नऊपर्यंत उघडे ठेवा. तीन यंत्रं जास्त वेळ उघडी असतील तर वेळापत्रक लावून सगळ्या गटांना पुरतात.

आणि हार्ड डिस्क. खरेदीच्या यादीत ती कुणी लिहितच नाही. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रीकरण केलं तर मिनिटाला सुमारे ७५० एमबी होतात, तासाला ४५ जीबी. बारा मिनिटांच्या माहितीपटासाठी आम्ही सहा तासांचं फुटेज घेतलं होतं. फोन दुसऱ्याच दिवशी भरला, आणि जागा करण्यासाठी आम्ही पहिल्या दिवसाचे काही शॉट पुसले. त्यांत उसाच्या फडातली सकाळ होती. प्रत्येक गटाला एक टीबीची एसएसडी, म्हणजे खिशात मावणारी जलद डिस्क, द्या, दुसरी प्रत विभागाच्या संगणकावर ठेवा, तिसरी महाविद्यालयाबाहेर कुठेतरी. प्रकल्प संपला की एसएसडी परत घ्यायची आणि पुढच्या वर्गाला द्यायची. फुटेज मात्र पुसू नका. त्या गुळव्याकाकांसारख्या माणसांचं बोलणं पाच-दहा वर्षांत विभागाकडे किती जमा होईल, आणि त्याची किंमत त्या डिस्कच्या किमतीपेक्षा किती मोठी असेल, याचा विचार करा.

राहिला प्रश्न वस्तू बाहेर कशी द्यायची याचा. ग्रंथालय पुस्तक देतं तशीच. पहिल्या महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याची अर्ध्या दिवसाची परीक्षा घ्या : ट्रायपॉड उभा करून दाखव, माइक जोडून आवाजाची पातळी लावून दाखव, बॅटरी आणि कार्ड काढून दाखव. जो पास होईल त्याला उपकरण-पत्र. वस्तू घेताना फोटोसह यादीवर सही, परत करताना तीच यादी, दोन्ही वेळा समोर एक वरिष्ठ विद्यार्थी. मुदत ४८ तासांची, शनिवार-रविवार धरून. उशीर झाला तर पुढच्या वेळी पाळी मागे. संपूर्ण संचाचा विमा उतरवा, विमा कंपन्या अशा उपकरणांसाठी पॉलिसी देतात. प्रयोगशाळा शुल्कातला एक भाग दुरुस्ती निधी म्हणून बाजूला ठेवा, आणि व्यवस्थापनाचा लेखी ठराव करा की योग्य रीतीने दिलेल्या वस्तूच्या नुकसानीची वसुली कुठल्याही कर्मचाऱ्याच्या पगारातून होणार नाही. बाकी सगळं जमलं नाही तरी चालेल, पण हा ठराव करा. किल्ली ज्यांच्या हातात आहे त्यांची भीती गेली की कपाट आपोआप उघडेल.

मुलींच्या बाबतीत वेगळं सांगायला हवं. पाचनंतर महाविद्यालयात थांबायला आमच्यातल्या बऱ्याच जणींना घरून परवानगी नसते, शेवटची एसटी गाठायची असते. उपकरण आवारातच वापरायचं असा नियम झाला की तो सगळ्यांत आधी आमच्या वाट्याची संधी काढून घेतो. संच घरी नेता आला तर मुलगी आपल्या गल्लीत, आपल्या आजीवर, आपल्या शेतावर फिल्म करू शकते, आणि ती फिल्म दुसरं कुणी करू शकणार नाही अशी असते.

हे मी कोल्हापूरच्या मातीतून लिहिते आहे म्हणून एक आठवण देते. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी इथेच बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः जुळवला. विष्णुपंत दामले त्या खटपटीत त्यांच्याबरोबर होते, आणि पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या पाठीशी गायिका तानीबाई कागलकर पैसा घेऊन उभ्या राहिल्या. त्या कंपनीत शिकलेल्या माणसांनी पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. प्रभात पुण्याला गेली, आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. या सगळ्याच्या मुळाशी यंत्र उघडून, हाताळून, बिघडवून, दुरुस्त करून शिकलेली माणसं होती. तानीबाईंनी त्या वेळी पैसे देताना कॅमेरा कपाटात राहावा असं नक्कीच मनात आणलं नसेल.

नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना श्रेयांक आले आहेत. क्षेत्र म्हणजे आवाराबाहेरचं जग. तिथे पाठवताना मुलांच्या हातात काय देणार, हे याच वर्षाच्या अंदाजपत्रकात लिहावं लागेल.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पुन्हा पेटतील. गुळव्याकाका यंदा कुठे असतील ते मी विचारून ठेवलं आहे. आमच्या मागच्या वर्गातल्या दोघी तिथे जाऊ इच्छितात. तारेचा कॉलर माइक, हेडफोन आणि रेकॉर्डर, एवढंच त्यांनी अर्जात मागितलं आहे, दोन रात्रींसाठी. तुमच्याही महाविद्यालयात असा एखादा अर्ज टेबलावर असेल. त्यावर सही करा, ही विनंती.

आपली,
जनसंवाद विभागाची एक माजी विद्यार्थिनी